कुर्ला ते चाकण, वाटेत बोरघाट

कुर्ला पश्चिमेला प्रीमिअर रोड आहे. आता तिथे टॉवर आहेत आणि संध्याकाळी जागची न हलणारी वाहनांची रांग. रस्त्याला नाव देणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी. तिची फियाट ११०० डिलाइट १९६४ साली आली, पुढे तीच पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावली. मूळ गाडी इटालियन. पावसाळा, खड्डे, पाच-पाच पॅसेंजर, टपावर सामान, सगळं तिने काढलं. त्यामुळे ‘युरोपियन गाडी मुंबईला झेपत नाही’ असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. गाडीला मुंबई झेपते. चांगला मेकॅनिक नसलेल्या मालकाला गाडी झेपत नाही.

हे माझ्या मेहुण्याला पटत नव्हतं. त्याची डिझेल स्विफ्ट आता विकायला काढली आहे आणि मनात युरोपियन सेडान आहे, पण ऑफिसातल्या प्रत्येकाने त्याला घाबरवून सोडलंय. म्हटलं, रविवारी पहाटे चल माझ्याबरोबर. कुर्ल्याहून चाकणला जाऊ, म्हणजे जिथे या गाड्या बनायच्या तिथून आता बनतात तिथे. तो म्हणाला, “दादा, चाकणला कोणी फिरायला जातं का?” मुद्दा बरोबर होता, तरी आला.

माझी गाडी झेक कंपनी स्कोडाची पहिल्या पिढीतली ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल. अश्वशक्ती फक्त ९०, टॉर्क, म्हणजे ओढ, मात्र २१० न्यूटन मीटर, आणि डिकी इतकी खोल की गणपतीच्या सजावटीचं सगळं सामान एका खेपेत येतं. जुळणी शेंद्र्याची, तेव्हाच्या औरंगाबादजवळची. पंधरा वर्षं झाल्यावर रीपासिंग करून, पर्यावरण कर भरून तिला ठेवली आहे.

चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेला लागलो आणि शिवडीला अटल सेतूवर चढलो. २५० रुपये टोल जास्तच आहे, पण गाडी तपासायला मुंबईच्या आसपास यापेक्षा चांगली जागा नाही. समुद्रावरचा साडेसोळा किलोमीटरचा सलग पट्टा, वेगमर्यादा १००, ना रिक्षा ना दुचाकी. पुलाच्या प्रत्येक जोडावर गाडी काय करते ते बघायचं. मऊ सस्पेन्शनची गाडी जोडावरून जाताना आधी गोड वाटते आणि नंतर दोन-तीनदा हेलकावते. ही एकदाच ‘धप्’ करते आणि लगेच बसते. शंभरच्या वेगाला स्टिअरिंग आपणहून जड होतं, बाजूने खाडीचा वारा आला तरी हात हलवावा लागत नाही. शोरूममध्ये दार आपटून ‘काय आवाज आहे!’ म्हणणाऱ्यांनी असं अर्धा तास चालवून बघावं. दाराच्या आवाजावर गाडी घेणाऱ्यांबद्दल मला फार आदर नाही.

पळस्प्याला दत्त स्नॅक्समध्ये मिसळ आणि कोथिंबीर वडी झाली. तिथून मेहुण्याला चालवायला दिली.

पुढची दहा मिनिटं करमणुकीची होती. युरोपियन गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे असते आणि वायपरची उजवीकडे, स्विफ्टच्या बरोबर उलट. प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर खरखरत होते आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न मारत होता. एका ठिकाणी मागे घ्यायची वेळ आली तर रिव्हर्स पडेना. तो गिअर दांडी खाली दाबून, डावीकडे नेऊन, पहिल्याच्या शेजारी वर ढकलायचा असतो. “हे असं कोण करतं?” म्हणाला. जर्मन करतात, आणि त्यांच्यामागून झेकही.

खालापूरपर्यंत त्याचा हात बसला. तेव्हा मी त्याला त्याच्याच गाडीची गोष्ट सांगितली. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन फियाटचं, १.३ मल्टिजेट. मारुतीने ते परवान्यावर बनवलं, टाटाच्या गाड्यांत ते रांजणगावहून गेलं. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल देणारी रचना, कारसाठी विकसित करण्याचं कामही फियाटकडे झालं, पुढे बॉशने ते बाजारात नेलं आणि १९९७ साली आल्फा रोमिओ १५६ ही तसं इंजिन घेऊन आलेली पहिली कार ठरली. म्हणजे ‘युरोपियन नको रे बाबा’ म्हणणारा अर्धा महाराष्ट्र वर्षानुवर्षं इटालियन इंजिनावर कोल्हापूर-नाशिक करत होता, आणि मायलेजचं कौतुकही करत होता. मेहुणा गप्प बसला. तसा तो क्वचितच बसतो.

खोपोलीनंतर एक्स्प्रेसवे टाळून जुन्या रस्त्याने बोरघाट चढायचा, हा माझा नियम. सकाळी ट्रक कमी असतात आणि शिंग्रोबाला नाणं टाकता येतं. घाटाची वाट साहेबाला दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, जुन्या रस्त्याने जाणारा प्रत्येक ड्रायव्हर इथे हात तरी जोडतो. स्टिअरिंग परत माझ्याकडे घेतलं होतं. या टीडीआयला १८०० आरपीएमच्या खाली काही विचारू नये, टर्बो जागा झालेला नसतो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हीच खोड जीव खाते, दर चार फुटांवर क्लच आणि पहिला गिअर. घाटात मात्र तिसरा टाकला, सुई दोन हजारांच्या वर ठेवली, की वळणामागून वळण गाडी ओढत जाते. चौथा नको, दुसरा नको. वळणात नाक जिकडे दाखवाल तिकडे जातं आणि पाय जेवढा दाबाल तेवढाच ब्रेक लागतो. खड्ड्यांबद्दल लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहेत.

लोणावळ्यात चिक्की वगैरे काही नाही, थेट तळेगाव. तिथून चाकणचा रस्ता म्हणजे कंटेनरच्या मागे कंटेनर, अगदी रविवारीसुद्धा. या रांगेत मेहुण्याने खरा प्रश्न विचारला: खर्च?

मी त्याला सांगितलं ते असं. वॉरंटी संपेपर्यंत कंपनीत सर्व्हिस कर आणि प्रत्येक बिल जपून ठेव. नंतर सीएसटी रोडला किंवा जवळपास असा मेकॅनिक शोध, ज्याच्याकडे व्हीसीडीएससारखं निदानाचं यंत्र आहे आणि जो ते लावल्याशिवाय पाना उचलत नाही. कार कंपनी बरेच पार्ट स्वतः बनवत नाही. क्लच लूक किंवा साक्सचा असतो, फिल्टर मानचा, इंजेक्शनची सामग्री बॉशची. तोच पार्ट कार कंपनीच्या लोगोशिवाय, बनवणाऱ्याच्याच खोक्यात, बराच स्वस्त मिळतो. पार्ट नंबर मात्र स्वतः ताडून घ्यायचा. टायमिंग बेल्टच्या तारखेशी चालढकल नाही, बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि मग बिल बघून बहिणीला मीच समजवायचं. तेलाच्या डब्यावर ब्रँडचं नाव शेवटी वाच, आधी मान्यतेचा अंक वाच. माझ्या गाडीला ५०५.०० लागतो.

ऑटोमॅटिकबद्दल माझं मत कडक आहे. सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मोकळ्या रस्त्यावर झकास, गिअर कधी बदलला कळत नाही. पण त्याचे दोन क्लच तेलात बुडालेले नसतात. सायनला चढावर एक्सिलरेटरवर गाडी धरून रेंगाळणं म्हणजे तवा तापत ठेवण्यासारखं आहे. रोज अंधेरी-वाशी करणाऱ्याने १.० टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, आणि तेलातून ताकद नेणारा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक घ्यावा. ११५ अश्वशक्ती पुरते. डीएसजीवालं १.५ घ्यायचं तर थांबल्यावर ब्रेकवरच पाय ठेवायची सवय आधी लावून घ्यावी.

चाकणला पोचलो. गेट, भिंती, सिक्युरिटी, समोर चहाची टपरी. फोक्सवॅगनचा हा कारखाना २००९ साली सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीजचाही इथेच. पोलो इथेच बनायची. स्लाव्हिया, व्हर्टस, कुशाक, टायगुन सगळ्या इथल्याच, एकाच सांगाड्यावर. कुशाक-टायगुनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे मिळाले. मेहुण्याने ट्रेलरवर चढवलेल्या नव्या गाड्यांचे फोटो काढले, रंग बघितले, माझ्या बहिणीला पाठवले. तिचं उत्तर आलं: पांढरी नको, मळते.

परत येताना एक्स्प्रेसवे घेतला, तो चालवत होता आणि वायपर आता फक्त एकदाच लागले. येत्या शनिवारी शोरूमला जायचं ठरलंय. मी त्याला बजावलंय, टेस्ट ड्राइव्हला सेल्समन मॉलभोवती चक्कर मारून आणतो, ती मान्य करायची नाही. आधी अर्धा तास एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये, मग फ्रीवे, आणि किमतीचा विषय त्यानंतर.