14 लिटर दुधाचे एक किलो: पार्मिजानो रेज्जानोमध्ये नेमके काय असते

इथे इटलीतल्या रेज्जो एमिलियात पार्मिजानो रेज्जानो या मुरलेल्या कठीण चीजचा कोणताही बंद तुकडा हातात घेतला, तर त्याच्या वेष्टनावर एक छोटा तक्ता छापलेला असतो. दर 100 ग्रॅममागे 402 किलोकॅलरी, 32 ग्रॅम प्रथिने, 30 ग्रॅम स्निग्ध पदार्थ, त्यांपैकी 20 ग्रॅम संपृक्त, 1.6 ग्रॅम मीठ आणि कर्बोदकांच्या रकान्यात शून्य. घटकांच्या यादीत दूध, मीठ आणि रेनेट (दूध घट्ट करणारे विकर, म्हणजे एन्झाइम) एवढ्या तीनच गोष्टी असतात. घरून फोन आला की ‘तिकडे रोज चीज खाता, मग वजनाचे आणि कोलेस्टेरॉलचे काय?’ अशी काळजी हटकून ऐकू येते. ती अगदीच अनाठायी नाही. पण भारतात चीज म्हटले की जो मऊ, पिवळा, पिझ्झ्यावर वितळणारा पदार्थ डोळ्यांपुढे येतो, त्याचे माप या चीजला लावता येत नाही. हे आकडे कुठून येतात, ते चीज तयार होताना पाहिले की चांगले उमगते.

पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना हे तीन पूर्ण प्रांत, बोलोन्याचा रेनो नदीच्या पश्चिमेकडील भाग आणि मांतोवाचा पो नदीच्या दक्षिणेकडील भाग, एवढ्याच प्रदेशात हे चीज करता येते. या भागातल्या अनेक गोठ्यांत पंजाबहून आलेली माणसे गाई सांभाळतात, हे आपल्याकडच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट भांड्यांत ठेवून त्याची साय काढतात आणि त्यात सकाळचे सायीसकट दूध मिसळतात. म्हणजे काही चरबी सुरुवातीलाच बाजूला होते. दूध कच्चेच वापरतात. आदल्या दिवशीच्या निवळीचे (चीज काढून घेतल्यावर उरणाऱ्या पाण्याचे) विरजण आणि वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट घातले, की तांब्याच्या खोल कढईतले दूध काही मिनिटांत घट्ट होते. मग कारागीर तारांच्या मोठ्या रवीने ती दही-कवडी फोडत जातो आणि कण तांदळाच्या दाण्याएवढे बारीक झाले की कढईचे तापमान 55 अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. कण आक्रसतात, आतले पाणी बाहेर पडते आणि सारे कण तळाशी बसून त्यांचा एकच गोळा होतो. तो कापडात धरून दोन माणसे वर उचलतात, तेव्हा कापडातून निवळीच्या धारा लागतात आणि गोळ्याच्या वजनाने दोघांचेही खांदे वाकतात. या एका गोळ्याचे पुढे चाकाच्या आकाराचे दोन मोठे ठोकळे, म्हणजे दोन ‘चाके’ होतात आणि तयार चाक सुमारे 40 किलोचे भरते.

एक किलो चीजसाठी साधारण 14 लिटर दूध लागते. एका लिटर गाईच्या दुधात सुमारे 1.2 ग्रॅम कॅल्शियम धरले, तर 14 लिटरांत ते 17 ग्रॅमच्या आसपास होते, आणि तयार चीजच्या किलोमागे त्यातले साडेअकरा ग्रॅम उरते. म्हणजे दुधातले दोनतृतीयांश कॅल्शियम चीजमध्ये राहते आणि उरलेले निवळीबरोबर जाते. दर 100 ग्रॅममागे हे सुमारे 1,155 मिलिग्रॅम झाले. प्रौढ माणसाला दिवसाला 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते.

आपल्या पनीरमध्ये एवढे कॅल्शियम का नसते, याचे कारण दूध फाडण्याच्या पद्धतीत आहे. लिंबाने किंवा व्हिनेगरने दूध फाडतो तेव्हा आम्लामुळे केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या कणांना चिकटलेले कॅल्शियम काही प्रमाणात सुटून पाण्यात उतरते. रेनेट मात्र केसिनच्या कणाचा बाहेरचा एक अंश तेवढा छाटते, त्यामुळे कण कॅल्शियमसकट एकमेकांना धरून बसतात. शिवाय पनीरचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते, तर या चीजमध्ये पाणी 31 टक्क्यांच्या आसपास असते. पनीरची बाजूही सांगितली पाहिजे: दूध आधी चांगले तापवल्यामुळे निवळीतली प्रथिनेही बऱ्याच अंशी पनीरमध्ये अडकतात. इथे ती निवळीत जातात, आणि त्या निवळीवर पार्मा हॅम या खारवून मुरवलेल्या मांसासाठी वाढवलेली डुकरे पोसली जातात.

कर्बोदकांच्या रकान्यातले शून्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे मोठ्या वयात दूध पचत नाही, पोट फुगते, अशी तक्रार असलेले लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या त्रासाचे मूळ दुधातल्या लॅक्टोज या साखरेत असते. विरजणातले जिवाणू चीज साच्यात असतानाच पहिल्या दोनएक दिवसांत ती साखर संपवतात, म्हणून अशा लोकांना हे चीज सहसा बाधत नाही. ज्यांना दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र यापासून दूरच राहावे, कारण केसिन इथे भरपूर आहे.

मिठाच्या पाण्यात अडीच-तीन आठवडे बुडवून काढलेली चाके लाकडी फळ्यांवर कमीत कमी 12 महिने मुरतात. 24 आणि 36 महिने मुरलेलेही मिळते. या काळात विकरे प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडत राहतात आणि त्यातून सुटी अमिनो आम्ले तयार होतात. 24 महिन्यांचा तुकडा बोथट, बदामाच्या आकाराच्या सुरीने फोडला की त्यात पांढरे बारीक कण दिसतात आणि ते दाताखाली करकरतात. पुष्कळांना ते मीठ वाटते. प्रत्यक्षात ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. प्रथिनांचा मोठा भाग असा आधीच सुटा झालेला असल्याने हे चीज पचायला हलके मानतात, आणि म्हणूनच इथे बाळाच्या पहिल्या पेजेसारख्या जेवणातही चमचाभर कीस घालतात.

आता चरबी आणि मीठ. दिवसाला 2,000 किलोकॅलरींचा आहार असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे संपृक्त चरबी 22 ग्रॅमच्या आत राहायला हवी. 100 ग्रॅम पार्मिजानो खाल्ले तर ती मर्यादा त्याच एका पदार्थाने जवळजवळ गाठली जाते. मिठाची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमची, आणि त्यातले दीड ग्रॅम इथेच जाते. पण 100 ग्रॅम एका वेळी कोणी खात नाही. पास्त्यावर पडणारा कीस साधारण 10 ग्रॅमचा असतो, त्यातून 40 किलोकॅलरी, 3 ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि अर्ध्या पेल्या दुधाएवढे कॅल्शियम मिळते. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि केसिनमध्ये ते भरपूर असते, त्यामुळे वरण-भातात डाळ जे काम करते, तेच काम पास्त्यावर हा कीस करतो. मूत्रपिंडाच्या विकारामुळे फॉस्फरसवर बंधन असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून हे खाऊ नये, कारण 100 ग्रॅममध्ये ते जवळजवळ 690 मिलिग्रॅम असते. आणि तंतू किंवा क जीवनसत्त्व यात मुळीच नाही, म्हणून सोबत भाजी हवीच.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. वर सांगितलेले रेनेट वासराच्या जठरातूनच घ्यावे, असा या चीजचा नियम आहे, आणि त्याला पर्याय चालत नाही. त्यामुळे हे चीज शाकाहारी नाही, आणि तसे घर असेल तिथे मी ते भेट म्हणून नेत नाही. अशांनी सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने केलेले, चांगले मुरलेले कठीण चीज घ्यावे. वेष्टनावर तसा उल्लेख शोधावा आणि घटकांची यादी किती लांब आहे तेही पाहावे. दूध फाडण्याचे काम तेही रेनेट त्याच रीतीने करते आणि तयार चीजमध्ये त्याचा अंश नगण्य असतो. म्हणून दूध, पाण्याचे प्रमाण आणि मुरण्याचा काळ सारखा असेल, तर प्रथिने आणि कॅल्शियम यांचे आकडेही या तक्त्याच्या जवळपासच येतात.