उटणं, कारीट आणि बाराशे लिटर पाणी

भाऊबीजेच्या दिवशी सकाळीच फोन. "दादा, आमच्या टबाला काहीतरी झालंय. जेट लावले की फेस उसळून कठड्याबाहेर येतो. आणि घरात चौघांच्या अंगावर पुरळ उठलंय. ज्यानं टब विकला तो फोन उचलत नाही."

दिवाळीत फोन उचलणारे कमीच, त्यामुळे आमच्यासारख्यांना सण असा नसतोच. माझा धंदा पाण्याचा. सॉफ्टनर, आरओ, पोहण्याचे तलाव, आणि आता इंदूरच्या बायपासकडच्या बंगल्यांमधून बसायला लागलेले हॉट टब, म्हणजे जेटचे फवारे असलेले गरम पाण्याचे हौद. टब मी विकत नाही, त्यातलं पाणी सांभाळतो. या घरानं मात्र पाण्याचं काम कोणालाच दिलं नव्हतं. "माळी बघतो," असं ठरलं होतं.

पोहोचलो तेव्हा दिवाणखान्यात पोरांना कांजिण्या झाल्या असणार, अशी चर्चा चालली होती. धाकट्यानं मला शर्ट वर करून दाखवला. लाल पुटकुळ्या, काहींच्या टोकाला पू, आणि सगळ्यात दाट कुठे, तर चड्डीच्या पट्ट्याखाली. ओला कपडा अंगाला चिकटून राहतो तिथे. मी डॉक्टर नाही, पण हा नमुना ओळखीचा होता. विचारलं, "टबात कोण कोण बसलं होतं?" ताई, त्यांचे यजमान आणि दोन्ही मुलं. पुरळही त्याच चौघांना. आजी कडेला बसून ऐकत होत्या, त्यांच्या अंगावर एक ठिपका नाही.

"मी कशाला बसू त्या उकळत्या हौदात? मी आपली बादलीनं केली आंघोळ," आजी म्हणाल्या. मग जरा अभिमानानं, "पण पोरांची पहिली आंघोळ मी रीतसर करून घेतली हो. तेल, उटणं, सगळं."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? त्या टबातच. गरम पाणी आयतं होतं."

मी तडक मागच्या अंगणात गेलो.

झाकण उघडताच नाकात आधी तिळाचं तेल गेलं, मग कचोरा आणि नागरमोथा. पाणी दुधाळ पिवळं, बोटभर खालचंही दिसेना. काठावर तेलाचा कडा धरलेला. फिल्टरचं झाकण फिरवून जाळीची टोपली काढली, तर तिच्यात चपट्या पांढुरक्या बिया. आधी समजेना. मग लक्षात आलं, कारीट! आजींच्या बहिणीनं पुण्याहून खास पाठवलेलं. पोरांनी नरकासुर टबाच्या पायरीवर चिरडला आणि तसेच पाय घेऊन आत उतरली. त्याखालचं कार्ट्रिज काढलं तर कागदी घड्या एकमेकींना चिकटून घट्ट झालेल्या, मधे उटण्याचा ओला लगदा. अंगठ्यानं दाबलं की तेल बाहेर येत होतं.

क्लोरीन तपासलं. द्रावणात थेंब टाकले की पाणी गुलाबी व्हायला हवं, ते ढिम्म तसंच राहिलं. शून्य. पीएच 8 च्या वर. कडकपणा 480 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 480 मिलिग्रॅम क्षार, कारण टब बोरिंगच्या पाण्यानं भरलेला.

लोकांची गफलत होते ती इथेच. न्हाणीघरातल्या टबाचं पाणी आंघोळ झाली की मोरीत जातं. हॉट टबाचं जात नाही. तेच बाराशे लिटर पाणी तीन-चार महिने फिरत राहतं, ते सुद्धा 38-39 अंशांवर. या तापमानाला क्लोरीन झपाट्यानं संपतं, आणि जंतूंना मात्र ऊब मानवते. तेल, घाम, साबण, उटण्यातला पाला, जे जे आत जाईल त्याच्याशी झुंजण्यात आधी क्लोरीन खर्ची पडतं, जंतूंसाठी उरतच नाही. मग स्युडोमोनास नावाचा जिवाणू केसांच्या मुळांशी शिरतो आणि दोन-तीन दिवसांत असं पुरळ उठतं. टबात किमान 3 पीपीएम क्लोरीन लागतं आणि पीएच 7.2 ते 7.8 मध्ये. माळी आठवड्यातून एकदा चमचाभर पावडर टाकत होता. दिवाळीत सुट्टीवर गेला, तेवढीही बंद. फेस दिसला म्हणून यजमानांनी फेस मारायचं औषध ओतलं होतं, अर्धी बाटली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी ताईंना म्हटलं, डॉक्टरकडे जाल तेव्हा टबात बसलो होतो हे आवर्जून सांगा, आणि कोणाला ताप-खोकला असेल तर तेही. कोमट पाण्याच्या वाफाऱ्यातून लीजनेला नावाचा जिवाणूही फुप्फुसात जाऊ शकतो, ते प्रकरण पुरळापेक्षा गंभीर. सुदैवानं खोकला कोणालाच नव्हता. संध्याकाळी डॉक्टरांनी पुरळ टबाचंच असल्याचं सांगितलं.

आता सफाई. नवखा माणूस आधी पाणी सोडून देतो. तसं करायचं नाही. खरी घाण दिसत नाही, ती पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरून बसलेली असते. म्हणून जुन्याच पाण्यात पाइप धुवायचं औषध घातलं आणि सगळे जेट पूर्ण उघडले. पाच मिनिटं काही नाही. मग एका जेटमधून तपकिरी पापुद्रे सुटायला लागले, ओल्या चहापत्तीएवढे, आणि थोड्या वेळात पृष्ठभागावर साय धरली. मोठा मुलगा वाकून बघत होता, तो मागे सरकला. "यात आम्ही बसलो होतो?" मी उत्तर दिलं नाही.

दुपारी ताईंचे भाऊ बडोद्याहून ओवाळून घ्यायला आले आणि ओवाळणी आटोपताच थेट अंगणात. त्यांना स्वतःच्या घरी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असाच टब हवा होता. "जेट किती असावेत? चाळीस बरे की साठ?"

सगळे हाच प्रश्न विचारतात आणि माझ्या मते हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. मी हातातल्या पावतीच्या मागे हिशोब मांडला. पाणी 1200 किलो, टब 300, चार माणसं 300. झाले 1800 किलो, आणि ते सगळं जेमतेम साडेचार चौरस मीटरवर. म्हणजे दर चौरस मीटरला 400 किलो. आपल्याकडच्या आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या मानकाप्रमाणे राहत्या खोल्यांचा स्लॅब धरतात साधारण 200 किलोंसाठी, वावरायची गच्ची 150 साठी. "आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला गच्ची दाखवा. तो हो म्हणाला तर जेट मोजू."

त्यांचा चेहरा उतरला, पण माणूस जिज्ञासू. वीज किती खाईल? चोवीस अंशांचं पाणी अडतीसवर न्यायला वीसेक युनिट, तीन किलोवॉटच्या हीटरला साडेसहा तास. पुढे सगळं झाकणावर. उष्णता मुख्यतः वाफेतून जाते, त्यामुळे पैसे घालायचे ते जाड, घट्ट बसणाऱ्या, कुलपाच्या झाकणात. रंगीत दिव्यांवर उधळू नका. टबाची वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, यात तडजोड नाही. तळाच्या शोषणजाळीचं झाकण तडकलेलं असेल तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही; लांब केस त्यात अडकतात.

"आईच्या गुडघ्यांसाठी घेतोय," ते शेवटी म्हणाले. त्यात काही गैर नाही. या जेटची सुरुवातच तशी झाली. कँडिडो जकूझी यांनी पाण्यात सोडायचा पंप बनवला तो संधिवात असलेल्या मुलासाठी. पण आईंना रक्तदाब असेल तर डॉक्टरना विचारून, 40 अंशांच्या वर नाही, पंधरा मिनिटांच्या वर नाही. गरोदर बाईनं आणि लहान पोरांनी तर बाहेरच बरं.

संध्याकाळी टब पुसून कोरडा केला. कार्ट्रिज धुण्यातलं नव्हतं, नवं घातलं. भरताना नर्मदेचं पाणी जास्त आणि बोरिंगचं थोडं, कारण निव्वळ कडक पाणी तापलं की हीटरवर क्षार बसतो, आणि पार मऊ पाणी धातूला खातं. 150 ते 250 च्या मधे ठेवलं. पाइप फिल्टरच्या खोबणीतून सोडला, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. मग क्लोरीनचा जोरदार डोस, झाकण उघडं ठेवून, आणि आकडा 5 च्या खाली येईपर्यंत कोणी हात घालायचा नाही.

आजी तोवर येऊन बसल्या होत्या. "म्हणजे उटणं लावायचंच नाही का आता?"

"लावायचं की, आजी. बाथरूममध्ये लावायचं, साबणानं धुऊन काढायचं, मग टबात."

"मग टबाची गरजच काय?"

यजमान हसू दाबत आत निघून गेले.

टबाशेजारी शॉवर बसवून घ्या, असं ताईंना सांगून निघालो, आठवड्याभरात बसलाही. तेव्हापासून माझ्या सगळ्या टबवाल्या ग्राहकांना वसुबारसेलाच मेसेज जातो: तेल-उटण्यानं टबात उतरू नये. पहिल्याच वर्षी तिलकनगरातून उलट प्रश्न आला, "आणि रंगपंचमीला? गेरमधून आल्यावर बसलं तर चालेल ना?"

गेर म्हणजे इंदूरची राजवाड्यावर जाणारी रंगांची मिरवणूक. त्यांना मी मेसेज केला नाही, फोन केला. म्हटलं, गेरला निघताना टबाचा एमसीबी पाडा, झाकणाला कुलूप घाला आणि किल्ली अशा माणसाकडे द्या जो राजवाड्याला जाणार नाही.