विषयाच्या बाजूने, विषयाच्या विरोधात

आमच्या कॉलेजात यंदा वादविवाद स्पर्धेला विषय होता : ‘महाविद्यालयात लैंगिक शिक्षण सक्तीचे असावे’. मराठीच्या सरांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि परीक्षकपद माझ्या, म्हणजे गणिताच्या बाईंच्या, गळ्यात पडलं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुम्हीच बसा. गणितवाल्यांना कोणी काही बोलत नाही.”

बोलतात हो. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणितच शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार सोडेनात म्हणून १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. मग १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ साली जाईपर्यंत चालवलं. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला कशावरून? वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकात उत्तरं दिली म्हणून. हरले, दंड भरला, पुढचे अंक काढले.

स्पर्धा तशी रंगली. अनुकूल बाजूने एड्स, लोकसंख्या आणि परदेश. प्रतिकूल बाजूने संस्कृती, मोबाइल आणि परदेश. खजुराहो दोन्ही बाजूंनी वापरलं. एका मुलाने २००७ साली महाराष्ट्रानेच शाळांतला हा कार्यक्रम थांबवल्याचा दाखला दिला. त्यावर एकीने सप्टेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. लैंगिक शिक्षणाने मुलं बिघडतात हा गैरसमज असल्याचं त्यात म्हटलंय. टाळ्या पडल्या. पण अख्ख्या दुपारभर ‘कंडोम’ हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. ‘साधनं’ म्हणाली एक, तीही माइकपासून मान वळवून.

एनएसएसच्या मुलांनी दाराशी बुटाचा खोका ठेवला होता. श्रोत्यांनी त्यात नाव न घालता प्रश्न टाकायचे आणि त्यातले दोन-तीन मी वक्त्यांना विचारायचे, असं ठरलं होतं. मी खोका उघडला आणि तसाच मांडीवर धरून बसले. लैंगिक शिक्षण असावं की नसावं, हे एकाही चिठ्ठीत नव्हतं.

‘मेडिकलमधली गोळी तिसऱ्या दिवशी घेतली तर चालते का?’ (म्हणजे गर्भ राहू नये म्हणूनची तातडीची गोळी. संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. गर्भ आधीच राहिला असेल तर तिचा उपयोग नाही.) ‘मला मुली आवडत नाहीत, कोणत्या डॉक्टरकडे जाऊ?’ याला काय सांगायचं, की बाळा, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिक असणं आजारांच्या यादीतून काढलंय आणि सप्टेंबर २०१८ पासून आपल्याकडे तो गुन्हाही नाही? सांगायचं, हेच सांगायचं. पण स्टेजवरून?

एक चिठ्ठी मात्र मी पर्समध्ये घालून घरी आणली. एसटीच्या तिकिटामागे बारीक अक्षरात : ‘मुलगा १९, मुलगी १७, दोघांची मर्जी आहे, घरच्यांनी केस केली तर काय होतं?’

काय होतं ते आमच्या वक्त्यांपैकी कोणालाच माहीत नसावं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, अठराच्या आतल्या मुलीची संमती धरतच नाहीत. पूर्वी ही मर्यादा सोळा होती. म्हणजे ‘तिचीही मर्जी होती’ हा बचाव तिथे चालत नाही, आणि मुलगा १९ चा असल्यामुळे खटला थेट प्रौढ म्हणून. मुलगी दवाखान्यात गेली तर पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक. त्या धास्तीने ती जातच नाही, ते वेगळंच. हा कायदा असाच असावा का, यावर वकील-न्यायाधीशांत वाद आहेत, माझंही मत आहे. पण आमच्याच आवारात अकरावी-बारावीचे आणि पदवीचे वर्ग एका जिन्यावर चढतात-उतरतात. त्या जिन्यावरच्या पोरांना ही एक गोष्ट माहीत असू नये?

स्टाफरूममध्ये हे काढलं तर एक सहकारी म्हणाले, “कशाला सांगायचं, घाबरतील पोरं.” मी म्हटलं, आत्ता निर्धास्त आहेत असं वाटतं का तुम्हाला? ते डबा उघडून बसले.

बक्षीस अनुकूल बाजूच्या मुलीला दिलं. मांडणी चोख होती, त्यात वाद नाही. पण पुढच्या वर्षी हा विषय ठेवू नका, असं मी शेऱ्यात लिहिलंय. पोरांना पाठांतर करून दोन्हीकडून बोलता येतं, आणि बोलून झालं की कॉलेजला विषय हाताळल्याचं समाधान मिळतं. अहवालात फोटोसुद्धा येतो.

त्यापेक्षा एक तास मागितलाय : एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक वकील, आणि तोच खोका. प्राचार्य तयार आहेत, फक्त मुलं-मुली वेगवेगळी बसवा म्हणतात. मी नाही म्हटलं. तिकिटावरच्या प्रश्नात दोघं आहेत. एकाला एक सांगून आणि दुसरीला दुसरं सांगून काय साधणार? गाडी सध्या तिथेच अडलीय. सोमवारी पुन्हा पत्र देतेय, आणि वकीलबाई कोणत्या शनिवारी मोकळ्या आहेत तेही त्यात लिहून टाकलंय.