पुण्याहून सोनेगावला: व्हॅट्सिमवरून नागपूरच्या आकाशात

मी नागपुरात जयताळ्याला राहतो. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टी 32 वरून उडालेलं विमान आमच्या गच्चीच्या जवळूनच वर चढतं. लहानपणापासून हे आकाश खालून पाहिलं. गेल्या रविवारी ते घरच्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमधून वरून पाहायचं, तेही नियंत्रकाशी बोलत, असं ठरवलं. पुण्याला राहणाऱ्या ओंकारला, माझ्या भाच्याला, फोन केला. तो सिम्युलेटरवर दोन वर्षं उडतो आहे, पण व्हॅट्सिमवर, म्हणजे सिम्युलेटरवरचे पायलट आणि कंट्रोलर ज्यावर एकमेकांशी बोलतात त्या इंटरनेटच्या जाळ्यावर, कधी आला नव्हता. म्हणाला, "मामा, मला भीती वाटते. चुकलो तर सगळे ऐकतील ना." मी म्हटलं, मी पुढे उडतो, तू दहा मिनिटांनी मागून ये. त्या संध्याकाळी नागपूर टॉवर (धावपट्टी सांभाळणारा), नागपूर अप्रोच (विमानतळाजवळ आलेली विमानं सांभाळणारा) आणि मुंबई कंट्रोल (मधला लांबचा प्रवास सांभाळणारा) अशा तिन्ही जागांवर माणसं होती. असा योग रोज येत नाही.

व्हॅट्सिम 2001 पासून चालू आहे. पायलट आपल्या घरी, कंट्रोलर आपल्या घरी, सगळे हौशी आणि कुणालाही पैसे मिळत नाहीत. रडारच्या पडद्यापलीकडचा माणूस ऑफिसातून येऊन, जेवण पुढे ढकलून बसलेला असतो. हे लक्षात ठेवलं की आपलं बोलणं आपोआप नीट होतं.

जायच्या आधी एक गैरसमज दूर करतो, कारण मी स्वतः त्यात बरेच दिवस होतो. नागपूर देशाच्या मधोमध आहे, झिरो माइल इथेच आहे, म्हणून इथे स्वतंत्र हवाई क्षेत्र असेल असं वाटतं. तसं नाही. भारताच्या आकाशाचे चार मोठे विभाग आहेत: दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई. नागपूर मुंबईच्या विभागात येतं. प्रत्यक्षात नागपुरात मोठं नियंत्रण केंद्र आहे आणि वरून जाणाऱ्या विमानांवर ते लक्ष ठेवतं; चारही विभाग एकत्र करून नागपुरातून चालवण्याच्या 'ईशान' नावाच्या प्रस्तावावर विमानतळ प्राधिकरणाने 2025 मध्ये पावलंही टाकली. पण व्हॅट्सिमवर नागपूरच्या नावाचं कुणी दिसलं नाही तर हिरमुसून परत जाऊ नका. यादीत व्हीएबीएफ नावाने मुंबई कंट्रोल आहे का ते पाहा. वरच्या जागेवरचा माणूस खालच्या रिकाम्या जागाही सांभाळतो. तो कुठले विमानतळ पाहतो आहे हे त्याच्या माहितीच्या ओळींत लिहिलेलं असतं. तेवढं वाचायला अर्धा मिनिट लागतो.

तयारी मी शनिवारीच केली. नागपूरचे नकाशे विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपीत, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन माहितीपुस्तकात, फुकट मिळतात. ते छापून टेबलावर ठेवा, स्क्रीनवर खिडक्या उघडझाप करत बसू नका. नागपूरचा कोड व्हीएएनपी. एकच धावपट्टी, तिच्या दोन टोकांची नावं 14 आणि 32, लांबी 3200 मीटर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 1030 फूट. आयएलएस, म्हणजे ढगातूनही धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रणा, 32 च्या बाजूला आहे. एवढ्या चार गोष्टी पाठ असल्या तरी अर्धं काम झालं. नेव्हिगेशनचा डेटा दर 28 दिवसांनी बदलतो. तुमच्या सिम्युलेटरमधला जुना असेल तर कंट्रोलरने सांगितलेला एखादा बिंदू सापडणारच नाही. तसं झालं तर गप्प राहून शोधत बसण्यापेक्षा लगेच सांगा, तो व्हेक्टर, म्हणजे वळायची दिशा, देईल.

उड्डाणाचा प्लॅन सिमब्रीफ या वेबसाइटवर केला. पुणे ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 327 नॉटिकल मैल (पुढे 'मैल' म्हणजे हेच). ही दिशा पूर्वेकडची, त्यामुळे हजार फुटांत मोजलेली उंची विषम हवी; मी 330, म्हणजे 33 हजार फूट, घेतली. नागपूरहून परत पुण्याला येताना 320 किंवा 340. नवीन माणूस इथेच जास्त चुकतो, आणि कंट्रोलरला क्लिअरन्सच्या, म्हणजे मार्गाच्या परवानगीच्या, आधी त्याचा प्लॅन दुरुस्त करावा लागतो. दुसरी चूक वेळेची. ओंकारने सुटण्याची वेळ 1715 लिहिली होती, आपल्या घड्याळाची. प्लॅनमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लागते, म्हणजे साडेपाच तास मागे: 1145. त्याला फोनवरच बदलायला लावली.

पुण्याबद्दल फार लिहीत नाही. लोहगावला त्या संध्याकाळी कुणी बसलेलं नव्हतं, क्लिअरन्स मुंबई कंट्रोलनेच दिला. क्लिअरन्स ऐकताना पेन हातात असू द्या. कुठे जायचं, कुठल्या मार्गाने, सुरुवातीची उंची, स्क्वॉक (रडारवर ओळख पटवणारा चार आकडी कोड): हा क्रम बदलत नाही, म्हणून कागदावर चार ओळी आधीच आखून ठेवल्या की नुसते आकडे भरायचे राहतात. मी पाच वीसला उडालो.

वर गेल्यावर ढगच ढग. ऑगस्टचा महिना, खरं हवामान लावलेलं, तेव्हा दुसरं काय दिसणार. जालना आणि बीड यांच्या मधून पुढे सरकलो तेव्हा मुंबई कंट्रोलने नागपूरचं व्हीओआर (दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) एनएनपी थेट दिलं. त्यामुळे मार्ग सरळ झाला आणि त्याचं बक्षीस पाच-सहा मिनिटांनी मिळालं. डाव्या खिडकीखाली ढग फाटले आणि त्या फटीत लोणार दिसलं. उल्केने केलेला तो सुमारे 1.8 किलोमीटरचा गोल, मध्ये हिरवट पाणी. शाळेच्या सहलीत मी त्या काठावरून खाली उतरलो होतो. तेवढ्या वेळात रेडिओवर माझं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि मला ऐकू आलं नाही. कंट्रोलरने तिसऱ्यांदा शांतपणे हाक मारली. म्हणून सांगतो, खिडकीबाहेर जरूर पाहा, पण हेडफोन काढू नका. चहा आणायला उठायचं असेल तर कंट्रोलरला सांगून उठा. अर्ध्या तासाहून जास्त वेळ विमान सोडून जाता येत नाही, हा तर नियमच आहे.

लोणार ते नागपूर साधारण 160 मैल. वाशीम त्याच रेषेवर येतं आणि तिथून नागपूर सुमारे 120 मैल राहतं. हा हिशोब लक्षात ठेवा, कारण उतरणं इथेच सुरू करायचं असतं. 33 हजार फुटांवरून हजार फुटांच्या विमानतळावर यायचं, दर हजार फुटांना तीन मैल, वेग कमी करायला आणखी दहा मैल: बेरीज 105 ते 110. वाशीम मागे पडलं आणि कंट्रोलर बोलला नाही तर आपण विचारायचं. "रिक्वेस्ट डिसेंट" एवढंच. उशीर झाला की पुढे सगळंच घाईत होतं आणि ती घाई अप्रोचच्या माणसाच्या गळ्यात पडते.

नागपूर अप्रोचला पहिली हाक मारताना पूर्ण वाक्य आधी मनात जुळवून घ्या: कोण, किती उंचीवरून किती उंचीकडे, आणि एटिसचं, म्हणजे हवामान आणि धावपट्टी सांगणाऱ्या ध्वनिमुद्रित निरोपाचं, कुठलं अक्षर घेतलं. माझ्या वेळी वारा 260 अंशांवरून 12 नॉट, क्यूएनएच 1002, धावपट्टी 32. वारा डावीकडून तिरपा, सरळ समोरचा नाही. पावसाळ्यात इथे पश्चिमेचा वारा नेहमीचा, त्यामुळे 32 ला डावीकडून धक्के बसतात.

क्यूएनएचबद्दल, म्हणजे उंचीमापकात लावायच्या तिथल्या हवेच्या दाबाबद्दल, थोडं थांबून सांगतो. वर असताना सगळे 1013 लावून उडतात. खाली येताना ट्रान्झिशन लेव्हल नावाच्या ठरलेल्या उंचीला तो बदलायचा असतो. 1002 च्या दिवशी बदलायला विसरलात तर 11 हेक्टोपास्कलचा फरक, म्हणजे उंचीत सुमारे 300 फूट. आणि हा फरक वाईट बाजूला: यंत्र 3000 दाखवतं, तुम्ही प्रत्यक्षात 2700 वर असता. पावसाळ्यात नागपूरला येणाऱ्यांनी हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं. त्या दिवशी माझ्या पुढे एक विमान होतं, त्याचं नेमकं हेच झालं. अप्रोचने "चेक अल्टिमीटर" म्हणून सावध केलं.

पश्चिमेकडून आलेल्याला 32 वर उतरायचं तर विमानतळाला दक्षिणेकडून वळसा घालून उमरेडच्या बाजूला जावं लागतं. मला आधी पूर्वेकडे जवळजवळ सरळ जाऊ दिलं. वर्धा उजवीकडे राहिलं, बुटीबोरीची शेड दिसली आणि डाव्या खिडकीत आख्खं नागपूर पसरलं होतं, अंबाझरीचं पाणी संध्याकाळच्या उजेडात पांढरं. मग डावीकडे वळण, थोडं उत्तरेकडे, पुन्हा डावीकडे, आणि "क्लिअर्ड आयएलएस रनवे 32". उमरेडच्या कोळशाच्या उघड्या खाणी उपग्रहाच्या चित्रांतून काळ्या दिसतात; धावपट्टीची रेष त्यांच्या आसपासूनच सुरू होते असं समजा. दहा मैलांवर तुम्ही साधारण 4200 फुटांवर असायला हवं. त्याहून हजार फूट वर असाल तर ग्लाइडस्लोप, म्हणजे आयएलएसचा उतरता मार्ग, वरून पकडायची धडपड करू नका, पुन्हा फिरवून आणायला सांगा. कुणी रागावत नाही.

माझ्या मागे ओंकार होता. त्याला अप्रोचने 5000 पर्यंत उतरायला आणि उजवीकडे 110 हेडिंग, म्हणजे 110 अंशांची दिशा, घ्यायला सांगितलं. त्याने उंची परत सांगितली, हेडिंग सांगितलं नाही, नुसतं "रॉजर" (समजलं) म्हणाला. कंट्रोलरने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा "रॉजर". मला फ्रिक्वेन्सीवर त्याचा आवाज थरथरताना ऐकू येत होता आणि मी काही करू शकत नव्हतो. दुसऱ्याच्या संभाषणात मध्ये बोलायचं नसतं. तिसऱ्या वेळी कंट्रोलर म्हणाला, सावकाश, फक्त आकडे परत म्हण. मग त्याने म्हटलं, "हेडिंग वन वन झिरो." पुढे सगळं सुरळीत. उंची, हेडिंग, वेग, क्यूएनएच, धावपट्टी, स्क्वॉक: हे आकडे जसेच्या तसे परत म्हणायचेच. बाकी इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. आणि बोलायचीच भीती वाटत असेल तर लिहून उत्तर देता येतं. प्लॅनच्या रिमार्क्समध्ये तसं नोंदवा. मी माझ्या पहिल्या सहा फ्लाइट लिहूनच केल्या.

मी सहा पंचवीसला टेकलो. टॉवरवर शिकाऊ मुलगा होता, त्याच्या मागे शिकवणारा बसला होता हे त्याच्या थांबण्यावरून कळत होतं. अशा वेळी धावपट्टीवर रेंगाळू नका. कुठल्या टॅक्सीवेने बाहेर पडायचं हे उतरायच्या आधीच नकाशात पाहून ठेवा, धावपट्टी पूर्ण मोकळी केल्यावरच बोला.

ओंकार आठ मिनिटांनी उतरला. मायक्रोफोन बंद करून त्याने थेट फोन केला. "मामा, उतरलो! आईला सांगू का?" त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, यातलं काही कळत नाही, तरी तिने फोन घेऊन विचारलं, "पोचले का दोघं नीट?"

नागपूरला नवशिक्यांनी यावं असं मी का म्हणतो, तेही सांगतो. मुंबई-दिल्लीच्या संध्याकाळी फ्रिक्वेन्सीवर श्वास घ्यायलाही जागा नसते. इथे धावपट्टी एक आणि विमानं मोजकी. कंट्रोलरला तुमच्याकडे लक्ष द्यायला वेळ असतो. शिवाय चारही दिशांनी येता येतं. अगदी पहिल्यांदाच उडणार असाल तर हैदराबादहून या. सुमारे 235 मैल, तासाच्या आत काम. ते चेन्नईच्या विभागातून मुंबईच्या विभागात येणं आहे, त्यामुळे एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे जाण्याचा सरावही होतो. दिशा उत्तरेची, किंचित पूर्वेकडे, म्हणून उंची विषमच. कोलकात्याहून आलात तर सम.

कुणीच कंट्रोलर नसेल तर 122.8 या फ्रिक्वेन्सीवर, युनिकॉमवर, आपण काय करतो आहोत ते सांगत उडायचं. मध्येच कुणी कंट्रोलर जागेवर आला तर तो "मला संपर्क करा" असा निरोप पाठवतो; निरोप आला की लगेच त्याच्या फ्रिक्वेन्सीवर जा. 7500 हा विमान अपहरणाचा कोड कधीही लावू नका, गमतीनेही नाही.

बाबा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. 30 जानेवारी 1949 ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचं केंद्र हेच सोनेगाव होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री डाकोटा विमानं इथे यायची, मध्यरात्री टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. बाबा हे सांगताना हाताने चार दिशा दाखवायचे. ओंकारला मी हे त्या रात्री सांगितलं. आता पुढच्या रविवारी आम्ही दोघं आणि त्याचे दोन मित्र, चौघं चार शहरांतून डाकोटा घेऊन रात्री अकराला इथे एकत्र येणार आहोत. कुणाला यायचं असेल तर दिल्लीची जागा अजून रिकामी आहे. डाकोटा सावकाश चालतं, तेव्हा दिल्लीहून संध्याकाळी साडेसातलाच निघावं लागेल, म्हणजे प्लॅनमध्ये 1400.