गोऱ्याची किडनी काळ्याला जुळते का?

शिकागोच्या एका हॉस्पिटलात टिश्यू टायपिंगच्या, म्हणजे देणारा आणि घेणारा जुळतात का ते तपासणाऱ्या लॅबमध्ये मी 26 वर्षं काम केलं. पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच, "ताई, किडनी आपल्याच लोकांची लागते ना? गोऱ्याची काळ्याला चालत नाही म्हणे."

चालते. आमच्याकडे रक्ताची नळी यायची तिच्यावर फक्त नंबर असायचा. आधी रक्तगट, मग पेशींवरच्या एचएलए खुणा, शेवटी क्रॉसमॅच: घेणाऱ्याच्या रक्तात देणाऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ते बघायचं. कातडीचा रंग यात कुठेच येत नाही. सख्ख्या भावंडांतसुद्धा सगळ्या खुणा जुळण्याची शक्यता 4 त 1, आणि एकही न जुळण्याची तेवढीच. एका आईच्या दोन लेकींचे रिपोर्ट परक्यांसारखे निघालेले मी कितीदा पाहिलेत.

पण एवढंच सांगून थांबले तर ते अर्धवट होईल. कुठली खुण किती जणांत सापडते, यात फरक असतो. बी-8 उत्तर युरोपातून आलेल्यांत भरपूर, बी-42 आणि बी-53 आफ्रिकी वंशाच्या लोकांत. अमेरिकेत मृत्यूनंतर मिळणाऱ्या किडन्या बहुतेक गोऱ्या दात्यांच्या. किडनी कुणाला द्यायची हे ठरवताना जुळणीला गुण दिले की किडनी आपसूक गोऱ्या रुग्णाकडे जाते, आणि ज्याच्या खुणा त्या साठ्यात विरळ, तो डायलिसिसवर वाट बघत बसतो. तिथल्या लोकसंख्येत काळे साधारण 13 टक्के, पण किडनीच्या वेटिंग लिस्टवर जवळजवळ एक तृतीयांश. औषधं सुधारल्यावर या बी गटाच्या खुणा जुळल्याचा फायदा फारसा उरला नव्हता, म्हणून 2003 मध्ये त्याचे गुण काढून टाकले. तो निर्णय कळला त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

मला जास्त सलतं ते दुसरंच. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून किडनी किती काम करते याचा अंदाज काढायचं एक सूत्र होतं. त्यात रुग्ण काळा असेल तर आकडा सुमारे 16 टक्क्यांनी वाढवायचा. रिपोर्टवर दोन ओळी छापलेल्या असत: 'आफ्रिकन अमेरिकन असल्यास' आणि 'नसल्यास'. काळ्यांचे स्नायू जास्त, म्हणून क्रिएटिनिनही जास्त, असं त्याचं समर्थन. आता बघा, आकडा 20 किंवा त्याखाली आला की प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते. तेच रक्त, गोऱ्याचा आकडा 18, तर काळ्याचा जवळजवळ 21. म्हणजे एकाचं घड्याळ सुरू आणि दुसऱ्याचं बंद. टिश्यूनं नाही, गुणाकारानं माणसं मागे ठेवली.

2021 मध्ये वंशाशिवायचं सूत्र आलं, 2022 मध्ये वेटिंग लिस्टसाठी जुनं वापरायला बंदी झाली, आणि 2023 पासून ज्यांचा काळ बुडाला होता त्यांच्या तारखा मागे न्यायचा आदेश निघाला.

शिकागोत आमच्या गल्लीत शाळेची बस चालवणारे एक काळे गृहस्थ राहतात. आठवड्यातून तीन सकाळी त्यांचं डायलिसिस असे. एका संध्याकाळी ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. तारीख 19 महिने मागे गेली होती. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तेव्हाच माझे होते ना?"

"हो," मी म्हटलं, "तेव्हाच."