हिरवेगार लातूर

कालच्या तोंडी सरावाचे ध्वनिमुद्रण आज जेवणे उरकल्यावर ऐकले आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. माझ्या चुका ऐकाव्या लागतील याची तयारी होती; मी धडधडीत खोटे बोलताना ऐकू येईन, याची नव्हती.

बी-टू फर्स्ट या केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षेतली तोंडी परीक्षा जोडीने द्यायची असते, सुमारे 14 मिनिटांची. समोरच्या दोघांपैकी एक परीक्षक प्रश्न विचारतो आणि दुसरा अवाक्षर न बोलता गुण मांडतो. आमच्याकडे सरावात ही दोन्ही कामे शिकवणारे सरच करतात. पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही कुठे राहता आणि तिथले काय आवडते? मी अजिबात न अडखळता सांगितले की, लातूर हे शांत आणि हिरवेगार शहर आहे, माझ्या घराशेजारी सुंदर बाग आहे आणि रोज सकाळी मी तिथे फिरायला जाते. सर खूश झाले. बाहेर चपला घालताना जोडीची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, आपल्या गल्लीत बाग कुठं आहे ओ?"

मी हसले, पण ते हसू घरापर्यंत पुरले नाही.

बागेचे इंग्रजी मला येते, म्हणून बाग आली, एवढेच. खरे सांगायचे तर 2016 चा उन्हाळा सांगावा लागला असता: मांजरा धरण कोरडे पडलेले, पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून टाक्यांपाशी जमावबंदी, आणि 12 एप्रिलला मिरजेहून 10 वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली रेल्वे. आमच्या घागरीवर लाल तैलरंगात आडनावाचे पहिले अक्षर लिहिले होते; ती रांगेत ठेवून मी रात्री अडीच वाजता पायरीवर बसून राहायची. त्या दिवसांत हे काय करत होते, ते इथे लिहीत नाही. हे सगळे इंग्रजीत मांडायला बसले, तर पहिल्याच ओळीत घागर अडली. शब्दकोशाने 'पिचर' सुचवला आणि शेजारी सरबताच्या काचेच्या भांड्याचे चित्र, वर लिंबाची चकती.

मराठीत मी चार बायकांत बोलायला लागले की बायका हातातले काम थांबवतात. इंग्रजीत मात्र माझ्या वाट्याला जेवढे शब्द, तेवढेच आयुष्य आले आहे, आणि त्यात ती रांग नाही, घागर नाही, मीही नाही. या वयात हे कशाला मागे लावून घेतले, असे वाटून पुस्तक मिटलेही होते. धाकट्याने फी भरून टाकली आहे, हा भाग वेगळा.

ध्वनिमुद्रण मात्र चालूच होते. माझ्यानंतर त्या मुलीची पाळी. मोकळ्या वेळात काय करतेस, या प्रश्नावर ती ठासून म्हणाली की दर रविवारी ती वडिलांबरोबर पोहायला जाते. तिच्या वडिलांना आमची अख्खी गल्ली ओळखते. रविवारी त्यांच्या दुकानात उभे राहायला जागा नसते.

मग आठवले की लेखी सरावात, 140 ते 190 शब्दांच्या मर्यादेत, मी एका हॉटेलचे परीक्षण लिहिले होते. त्या हॉटेलची पायरीही मी चढलेली नाही, तरी सूप गार असल्याची रीतसर तक्रार केली होती आणि सरांनी तिच्याखाली दुहेरी रेघ ओढून शाबासकी दिली होती. तेव्हा काही टोचले नव्हते. बाग तेवढी टोचली, कारण ती लातुरात लावली. पण परीक्षक काही झाडे मोजायला येणार नाहीत. त्यांना व्याकरण, शब्द आणि उच्चार पाहायचे आहेत, आणि मला पास व्हायला हवेत 160 गुण.

उद्या पुन्हा तीच मुलगी जोडीला आहे. तिचा पोहण्याचा तलाव माझ्या बागेला लागूनच ठेवावा म्हणते, म्हणजे दोघींना बरोबर जाता येईल.