रॅम्पच्या माथ्यावरची जागा

एप्रिलचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेअकरा. जळगावपासून तासाभरावरच्या एका तालुक्याच्या गावी दवाखान्याचं बांधकाम संपलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला उद्घाटन, पत्रिका छापून आलेल्या. पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी आर्किटेक्ट म्हणून माझी सही तेवढी राहिली होती.

काळी माती आणि पावसाळ्यात भरणारा रस्ता, म्हणून जोतं 900 मिलिमीटर उंच घेतलं होतं. नियमाप्रमाणे रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा जास्त नको. म्हणजे 900 चढायला 10.8 मीटर लांबी. सलग 9 मीटरच्या पुढे जायचं नाही, म्हणून मी 5.4 मीटरचे दोन टप्पे काढले होते, मध्ये सपाट जागा. रुंदी 1800, दोन्ही बाजूंना 800 उंचीचा कठडा. मंजुरी याच नकाशावर मिळाली होती.

जागेवर टेप धरला तर रॅम्प एकाच टप्प्याचा, लांबी 6 मीटर. उरलेल्या जागेत मेडिकलचा गाळा उभा. वर नकाशातली 1800 बाय 2000 ची सपाट जागाही आक्रसून मीटरभर राहिलेली.

"दोन वॉर्डबॉय कायम असतात साहेब, ढकलून नेतील," डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नाही. रात्री-अपरात्री पेशंट बघणारा आहे. पण आजारी माणसाने दारापर्यंत यायलाही कुणाच्या हाताची वाट बघावी, हे मला मुळीच मान्य नाही.

समोर झेरॉक्सचं दुकान चालवणारे अण्णा तीनचाकी सायकलवर बसून आमचं बोलणं ऐकत होते. त्यांना लहानपणीच पोलिओ झालेला. मी विनंती केली, तर लगेच तयार झाले. दवाखान्याची नवी व्हीलचेअर अजून प्लास्टिकमध्येच गुंडाळलेली होती. ती सोडवली, अण्णा तिच्यात बसले आणि कुणी हात लावायचा नाही असं बजावून निघाले.

दंडात जोर भरपूर. तरी अर्ध्यात खुर्ची मागे सरकायला लागली, म्हणून त्यांनी कठडा धरला आणि चटका बसल्यासारखा हात काढला. स्टीलचा पाइप उन्हात असा तापला होता की मीही बोटं टेकवू शकलो नाही. कठडा दाखवताना माझ्या मनात उंची होती, टोकाला 300 मिलिमीटर पुढे काढायचं होतं, भिंतीपासून 50 चं अंतर होतं. खानदेशातलं ऊन मात्र नव्हतं. ही चूक सर्वस्वी माझी.

अण्णा कसेबसे वर पोचले. दार बाहेर उघडणारं. ते ओढायचं तर खुर्ची मागे घ्यायला हवी, आणि मागे लगेच उतार. एक हात चाकावर, दुसरा कठड्यावर. तिथूनच ते म्हणाले, "चढी तर गऊ भाऊ, पन दार उघाडाले तिसरा हात कथाईन आनू?"

डॉक्टर स्वतः धावले आणि खुर्ची धरली.

मग मी त्यांना स्वच्छ सांगितलं: दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही बजावलंय की या गोष्टी नुसत्या शिफारशी म्हणून सोडता येणार नाहीत. सही होणार नाही. ते बराच वेळ गप्प होते. आखाजीचं उद्घाटन पुढे ढकललं, गाळा पाडला. गाळ्याच्या भाड्याचं नुकसान त्यांनी सोसलं, हे इथे नोंदवायलाच हवं.

आषाढात पुन्हा गेलो. दोन टप्पे, मधली जागा, वर पत्र्याची सावली, दार सरकतं. आतल्या स्वच्छतागृहाचं दार मात्र मूळ नकाशाप्रमाणे 900 रुंद आणि बाहेर उघडणारंच ठेवलं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अंगाशी अडतं. अण्णा एकटे वर गेले, दार सरकवलं, आत वळले, परत आले. मधल्या सपाट जागेवर थांबून त्यांनी फरशीवरून तळवा फिरवला. गुळगुळीत कोटा.

"आनि पानी पडनं तं?"

मी गवंड्याला बादलीभर पाणी आणायला सांगितलं.